‘तूही सुंदरच आहेस’ : हे उत्तर का पुरत नाही

(जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे. शेवटी प्रश्नोत्तरांतला निवडक भाग दिला आहे.)



आयोजकांनी मला विषय दिला तो असा : ‘स्त्रियांनी स्वतःच्या शरीराकडे सकारात्मक दृष्टीने कसं पाहावं?’ मी म्हटलं, विषय घेते, पण यातल्या एका शब्दाशी माझं भांडण आहे. त्यांना वाटलं, ‘सकारात्मक’शी असेल. तेही थोडं आहेच (हशा), पण खरं भांडण आहे ते ‘पाहावं’ या शब्दाशी. आजचा तास मी बहुतेक या एका क्रियापदावरच खर्च करणार आहे.

सुरुवात एका जाहिरातपटापासून करू. तुमच्यापैकी अनेकांनी तो मोबाईलवर पाहिला असेल. २०१३ साली डव्ह या साबणाच्या ब्रँडने एक छोटा चित्रपट काढला. पोलिसांसाठी संशयितांची चित्रं काढणारा एक चित्रकार बसला आहे, मध्ये पडदा आहे. पडद्याआडून एकेक बाई आपल्या चेहऱ्याचं वर्णन करते आणि तो न बघता चित्र काढतो. मग तिला नुकतीच भेटलेली एखादी अनोळखी व्यक्ती येते आणि त्याच बाईच्या चेहऱ्याचं वर्णन करते. दुसरं चित्र तयार होतं. शेवटी दोन्ही चित्रं शेजारीशेजारी टांगतात. बाईने स्वतः वर्णन केलेला चेहरा थकलेला, ओढलेला, मिटलेला. परक्याने वर्णन केलेला चेहरा मोकळा आणि प्रसन्न. बाईच्या डोळ्यांत पाणी येतं. निष्कर्ष असा, की तुम्हाला वाटतं त्यापेक्षा तुम्ही अधिक सुंदर आहात.

मीही पहिल्यांदा पाहिला तेव्हा गलबलले, हे प्रामाणिकपणे सांगते. जगभरात कोट्यवधी लोकांनी तो पाहिला. आपण स्वतःला किती निष्ठुरपणे मोजतो, ही त्यातली गोष्ट खोटी नाही. म्हणूनच तो नीट तपासायला हवा. वाईट गोष्टीवर टीका करायला फार बुद्धी लागत नाही. अर्धी चांगली गोष्ट असली की काम अवघड होतं.

आता पाहा. एका बाईला तिच्या चेहऱ्याबद्दल शंका आहे. ती शंका कोण मिटवतं? परका माणूस. म्हणजे निकाल देण्याचा अधिकार पुन्हा बाहेरच्या डोळ्यांकडेच गेला. पूर्वी ते डोळे ‘नापास’ म्हणत होते, आता ‘पास’ म्हणतात. परीक्षा तीच आहे आणि परीक्षकही तोच. शिवाय त्या चित्रपटात एक बाई शेवटी बोलते. तिच्या बोलण्याचा आशय असा, की आपण मित्र कसे जोडतो, कोणत्या नोकरीसाठी अर्ज करतो, मुलांशी कसं वागतो, या सगळ्यावर आपण स्वतःला किती सुंदर मानतो याचा परिणाम होतो. म्हणजे सौंदर्याचं ओझं उतरवायला निघालेला चित्रपट जाता जाता सांगून जातो, की सौंदर्याइतकं महत्त्वाचं काही नाही! नापास झालेल्या मुलाची समजूत आपण ‘अरे, तुला पाच गुण वाढवून देतो’ अशी घातली, तर परीक्षेचा धाक कमी होईल का? वाढेल.

आणि ही परीक्षा कोण घेतं तेही बघा. डव्ह युनिलिव्हर या कंपनीचा ब्रँड. याच कंपनीच्या भारतीय शाखेने १९७५ साली आपल्याकडे ‘फेअर अँड लव्हली’ आणली. गोरेपणाची ती ट्यूब किती घरांतल्या आरशासमोर होती, हे मी तुम्हाला सांगायला नको. २०२० साली अमेरिकेतल्या वर्णद्वेषविरोधी आंदोलनाचे पडसाद जगभर उमटले, तेव्हा नावातलं ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आलं. ट्यूब राहिली. म्हणजे ‘तू आहेस तशी सुंदर आहेस’ हे एका हाताने आणि ‘तू आहेस त्यापेक्षा उजळ हो’ हे दुसऱ्या हाताने, असं कित्येक वर्षं चाललं. न्यायाने हेही सांगते, की २०२१ साली याच डव्हने भारतात मुली ‘पाहण्याच्या’ पद्धतीविरुद्ध मोहीम काढली आणि ही सौंदर्याची परीक्षा थांबवा, असं म्हटलं. निदान परीक्षेला परीक्षा म्हटलं, हे पाऊल पुढचं. पण ज्याचा धंदा परीक्षेच्या गाइडांवर चालतो, त्याने परीक्षा बंद करावी अशी अपेक्षा आपण करू नये. ते काम आपलं आहे.

आता आपल्या घरात येऊ. मराठीत सुंदर स्त्रीला आपण काय म्हणतो? ‘देखणी’. शब्द कुठून आला? ‘देखणे’, म्हणजे पाहणे. जी पाहण्याजोगी ती देखणी. पुरुषालाही आपण देखणा म्हणतो, मान्य. पण ‘पाहण्याचा कार्यक्रम’ मुलीचाच असतो. माझ्या आईला वेणी सोडून दाखवायला लावली होती. केस खरे की गंगावन, याची खात्री करायला. माझ्या वेळी, सत्तरच्या दशकात, एवढं नव्हतं. नुसतं ‘जरा पाणी आण गं’ म्हणायचे. पाणी कुणाला नको असायचं. चाल बघायची असायची. (हशा) मी तत्त्वज्ञानात एम.ए. करत होते. त्या विषयाबद्दल एकाही पाहुण्याने एकही प्रश्न विचारला नाही. त्याचं तेव्हा मला दुःख नाही, आश्चर्य वाटलं होतं. दुःख वेगळ्या गोष्टीचं होतं. पाण्याचा तांब्या घेऊन त्या बारा-पंधरा पावलांत मी कशी चालत होते, हे मला अजून आठवतं. मी चालत नव्हतेच. मी माझ्या चालण्याकडे बघत होते.

हे जे झालं, त्याला तत्त्वज्ञानात नेमके शब्द आहेत. ज्याँ-पॉल सार्त्रने १९४३ सालच्या त्याच्या मोठ्या ग्रंथात एक प्रसंग दिला आहे. एक माणूस कुलपाच्या भोकातून आत डोकावतो आहे. त्या क्षणी त्याला स्वतःचं भान नाही, तो नुसता बघणारा आहे. इतक्यात मागे पावलं वाजतात. झालं! तो क्षणात बघणाऱ्याचा ‘बघितला जाणारा’ होतो, वस्तू होतो. सार्त्रला हा अनुभव कुणाही माणसाचा वाटला. तसा तो आहेही. पण मला नेहमी वाटत आलं, की पुरुषाला ही पावलं अधूनमधून ऐकू येतात आणि बाईच्या कानात ती वाजतच राहतात. खोलीत कुणी नसलं तरी.

आयरिस मॅरियन यंग नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञ स्त्रीने १९८० साली एक निबंध लिहिला. प्रश्न अगदी साधा : मुली चेंडू ‘मुलींसारखा’ का फेकतात? त्यांच्या दंडात ताकद नसते म्हणून? यंग म्हणते, ताकदीचा प्रश्न थोडा आहे, पण मुख्य गोष्ट वेगळीच. मुलगी फेकताना सगळं अंग कामाला लावत नाही. एक हात फेकतो आणि उरलेलं शरीर जागच्या जागी सावरून उभं राहतं. कारण तिचं शरीर एकाच वेळी दोन कामं करतं : चेंडू फेकतं आणि आपण कसं दिसतोय यावर पहारा ठेवतं. ‘मी हे करू शकते’ आणि ‘मला हे जमणार नाही’ ही दोन वाक्यं एकाच हालचालीत असतात. हे वाचलं तेव्हा मला माझा पाण्याचा तांब्या आठवला. पुस्तकात आपलं चालणं भेटलं, असं क्वचित होतं.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. स्वतःच्या शरीराबद्दलचं दुखणं ‘आपण वाईट दिसतो’ या समजुतीत जितकं आहे, त्याहून जास्त ते या अखंड पहाऱ्यात आहे. ‘तू छान दिसतेस’ या वाक्याने समजूत बदलेल कदाचित, पण पहारा उठत नाही.

पहारा उठत नाही एवढंच नाही, कधी कधी कडक होतो. इथे मला एक कबुली द्यायची आहे. आमच्या नात्यातली एक मुलगी, तेव्हा सतराची. तिला विचारून सांगते आहे. बारावीच्या परीक्षेनंतर घरी आली. मी दारातच सगळ्यांसमोर म्हणाले, ‘अगं, काय छान बारीक झालीस! चेहरा कसा उठून दिसतोय!’ मनापासून म्हणाले. दोन महिन्यांनी कळलं, पोर जेवतच नव्हती. डबा तसाच परत यायचा, नाहीतर मैत्रिणींना वाटलेला असायचा. पाळी थांबली तेव्हा आईच्या लक्षात आलं. डॉक्टर, समुपदेशन, सगळं झालं. आता ती बरी आहे. पण बरी झाल्यावर ती मला म्हणाली, ‘आजी, तू दारात म्हणालीस ना, तेव्हा मला वाटलं, आपलं बरोबर चाललंय.’

चाळीस वर्षं मी मुलांना सार्त्र शिकवला, आणि माझ्याच दारात पावलं माझीच वाजली. मी तिची निंदा केली नव्हती, स्तुती केली होती. म्हणून सांगते, स्तुती आणि निंदा या बाबतीत सख्ख्या बहिणी आहेत. ‘किती सुटलीस गं’ जितकं लागतं, तितकंच ‘किती बारीक झालीस गं’ बांधून ठेवतं. दोन्हींतून एकच निरोप जातो : आमचं लक्ष आहे बरं का.

कुणी म्हणेल, हे सगळं टीव्ही-मोबाईलने झालं. याचं एक चांगलं अभ्यासलेलं उदाहरण आहे. फिजी बेटांवर भरदार अंगाचा पूर्वापार मान होता. वजन वाढलं असं म्हणणं हे कौतुक होतं. आपल्याकडे ‘खात्यापित्या घरची’ म्हणत, तसं. १९९५ साली तिथल्या नाद्रोगा भागात टीव्ही आला. अ‍ॅन बेकर या हार्वर्डच्या अभ्यासक डॉक्टर बाईंनी तेव्हा शाळेतल्या साठेक मुलींकडे चौकशी केली आणि तीन वर्षांनी, १९९८ मध्ये, तशाच आणखी साठ-पासष्ट मुलींकडे केली. वजन आटोक्यात ठेवायला मुद्दाम ओकारी काढते, असं सांगणारी १९९५ मध्ये एकही नव्हती. १९९८ मध्ये शेकडा अकरा निघाल्या. तीन वर्षांत!

पण या अभ्यासातली मला सगळ्यात बोलकी वाटणारी गोष्ट आकड्यात नाही. त्या मुलींनी सांगितलं, की टीव्हीवरच्या बायका बारीक आहेत आणि त्या नोकऱ्या करतात, घराबाहेर पडतात, त्यांना मान आहे. आम्हालाही ते हवं आहे. म्हणजे या मुली मूर्ख नव्हत्या, नटव्या नव्हत्या. त्यांनी नव्या जगाचा दाखला वाचला आणि त्यावर प्रवेशाची अट म्हणून अंगकाठी लिहिलेली त्यांना दिसली. आपल्याकडे लग्नाच्या जाहिरातीत ‘गोरी, सडपातळ’ छापलेलं असतं, तेव्हा आपली मुलगीही हेच वाचते. तिला वर ‘मनाचं सौंदर्य महत्त्वाचं’ असा उपदेश करणं म्हणजे फाटकाला कुलूप लावून ‘आत या, आत या’ म्हणणं आहे. २०२० साली लग्न जुळवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळाने रंगानुसार स्थळं चाळण्याची सोय काढून टाकली, तीही लोकांनी सह्यांची मोहीम काढली म्हणून. हे छोटं काम उपदेशापेक्षा मोठं आहे. अट काढली की मन आपोआप थोडं मोकळं होतं.

बरं, मग मदत कशी करायची? नुसती टीका करून मी घरी जाणार नाही. (हशा) दोन गोष्टी सांगते, दोन्ही तपासून पाहिलेल्या आहेत.

पहिली. एरिक स्टाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत मुलींच्या छोट्या गटांसाठी एक उपक्रम तयार केला. त्यात ‘तू सुंदर आहेस’ असं कुणी कुणाला सांगत नाही. उलट मुलींनाच कामाला लावतात : बारीकच असलं पाहिजे या आदर्शाची किंमत काय, ती कोण मोजतं, त्यातून पैसा कोण कमावतं, हे तुम्ही मांडा. धाकट्या मुलीला पत्र लिहा. इथे उपदेश करणारी ती, ऐकणारे आपण. यामागचं तत्त्व जुनं आहे : माणूस जे स्वतःच्या तोंडाने चारचौघांत मांडतो, त्याच्या विरुद्ध वागणं त्याला अवघड जातं. आपल्या वक्तृत्व स्पर्धांत मुली ‘स्त्री-पुरुष समानता’ पाठ करून बोलतात. त्याऐवजी ‘आमच्या वर्गात कुणाला काय चिडवतात आणि का’ यावर त्यांना बोलू दिलं तर?

दुसरी. नेदरलंड्समध्ये जेसिका अलेव्हा या संशोधक स्त्रीने बायकांना तीन छोटे लेखन-सराव दिले. शरीर कसं दिसतं यावर लिहायचं नाही. ते काय काय करतं आणि त्याचं मला काय मोल वाटतं, यावर लिहायचं. श्वास, चालणं, गाणं, मिठी मारणं, जखम भरून येणं. एवढ्यानेही स्वतःच्या शरीराबद्दलचं समाधान वाढलं.

हे वाचलं तेव्हा मला वाटलं, अरे, ही भाषा तर आपल्याकडे आहे! मराठीत शरीराचे दोन शब्दसंग्रह आहेत. एक दिसण्याचा : देखणी, शेलाटी, चवळीची शेंग, बेढब. दुसरा करण्याचा : हाताला चव आहे, गळ्यात सूर आहे, पायाला भिंगरी आहे, अंगात धमक आहे, एखादी गोष्ट अंगवळणी पडली, अंगी बाणली. बघा, विद्यासुद्धा आपण ‘अंगी’ बाणवतो, डोक्यात नाही. या दुसऱ्या भाषेत शरीर आरशात नाही, जगात आहे. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या दुष्काळी मुलखातून आलेली ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी धावली. ते पाय बघताना ते ‘दिसतात कसे’ हा प्रश्नच हास्यास्पद होतो. सगळ्यांनी ललिता बाबर व्हायचं नाही. पण शाळेतल्या प्रत्येक मुलीला रोज तासभर मैदान मिळालं, कुणी बघत नाही असं मैदान, तर मला वाटतं अर्धं काम तिथेच होईल.

आता मात्र स्वतःच्याच म्हणण्यावर टीका केली पाहिजे, नाहीतर मी तत्त्वज्ञानाची शिक्षिका कसली. ‘करणारं शरीर’ ही भाषाही निर्धोक नाही. ‘हाताला चव आहे’ हे कौतुक बाईला किती वर्षं चुलीपाशी बसवून गेलं! ‘कामाला वाघ आहे’ म्हटलं, की ती आजारी पडली तरी उठते. तेव्हा करणं कुणासाठी, हा प्रश्न विचारावाच लागेल. आणि ज्या शरीराला करता येत नाही त्याचं काय? माझा एक गुडघा आता धातूचा आहे. (हशा) कुणाचा स्तन काढलेला असेल, कुणी जन्मतः चालू शकत नसेल. ‘दिसण्याची’ परीक्षा काढून आपण ‘करण्याची’ परीक्षा लावली, तर पहारेकरी फक्त गणवेश बदलेल.

म्हणून मी करण्यातही कर्तबगारीपेक्षा अनुभवावर भर देते. उन्हातून आल्यावर माठाचं पाणी घशाखाली उतरतं, तो थंडावा. नातवंडाचं डोकं मांडीवर आहे, ती ऊब. त्या क्षणी शरीर सुंदर नाही, कुरूप नाही, कार्यक्षमही नाही. ते नुसतं आपलं आहे. शरीरावर सतत प्रेम केलं पाहिजे, अशी नवी सक्ती मला बायकांवर करायची नाही. दिवसातले काही तास त्याचा विसर पडावा, इतकंच पुरे. निरोगी दात आपल्याला कुठे आठवतात?

कुणी विचारेल, मग नटायचं नाही का? खुशाल नटा. मी आज ही इरकल मुद्दाम नेसून आले आहे. पण रांगोळी काढताना जो आनंद असतो तो काढण्याचा असतो. तसा नटण्याचाही असू शकतो. कसोटी सोपी आहे. कुणी पाहिलं नाही तर तो आनंद उरतो का? उरला, तर तो तुमचा.

शेवटी घरी न्यायला एकच गोष्ट. पुढच्या लग्नकार्यात, पुढच्या हळदीकुंकवात, भेटलेल्या पहिल्या बाईला तिच्या शरीराबद्दल काहीही न बोलता तिच्याशी बोलायला सुरुवात करून बघा. वाईट नाही आणि चांगलंही नाही. मी गेली काही वर्षं प्रयत्न करते आहे. सांगते, फार अवघड जातं. पहिली दोन वाक्यं सुचतच नाहीत. त्या न सुचण्यातच कळतं, आपण आजवर काय बघत होतो.



(प्रश्नोत्तरांतून)

प्रश्न : मॅडम, माझी मुलगी सात वर्षांची आहे. परवा शाळेतून आली आणि म्हणाली, ‘आई, मी काळी आहे का?’ मी पटकन म्हटलं, ‘नाही गं, कोण म्हणतं? तू छान गोरी आहेस.’ ती गप्प झाली. मी काय म्हणायला हवं होतं?

उत्तर : तुम्ही प्रेमाने बोललात, आधी हे लक्षात घ्या, स्वतःला शिक्षा करू नका. पण त्या उत्तरातून तिला दोन गोष्टी कळल्या. एक, काळं असणं इतकं वाईट आहे, की आई खोटं बोलली. दुसरी, याविषयी घरात बोलायचं नसतं. म्हणून ती गप्प झाली. सात वर्षांच्या मुलीला आरसा कळतो हो.

अजून वेळ गेलेली नाही. आज रात्री झोपताना स्वतःहून विषय काढा. म्हणा, ‘परवा तू विचारलंस ना? हो, तू सावळी आहेस. मी घाईत भलतंच बोलले. कुणी काही म्हणालं का तुला?’ आणि मग थांबा. तिची समजूत घालायची घाई करू नका. तिचा प्रश्न रंगाचा नसेलच कदाचित. कुणीतरी तिला खेळात घेतलं नसेल, नाहीतर स्नेहसंमेलनात मागच्या रांगेत उभं केलं असेल. तसं असेल तर शाळेत जाऊन बोलावं लागेल, आणि ते आईबापांचं काम आहे, त्या चिमुरडीचं नाही.

आणि बोलताना तिचा हात हातात असू द्या. एवढं पुरे.